मेंदूच्या रक्तवर्तुळाचे मर्म सांगणारा वैद्य

वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘विलिसचे वर्तुळ’ शिकावेच लागते. हे नाव थॉमस विलिस या इंग्रज वैद्याचे. १६२१ मध्ये जन्मलेल्या विलिस यांनी ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर यांच्या साहाय्याने मेंदूची विच्छेदने केली. १६६४ मधील त्यांच्या ग्रंथासाठी ख्रिस्तोफर रेन यांनी चित्रे काढली.

एका मृताच्या मानेतील मोठी धमनी पूर्ण बंद असूनही त्याला पक्षाघात झालेला नव्हता. मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे पूर्वीही पाहिले गेले होते. एक वाट बुजली तरी त्यातून दुसरीकडून रक्त पोहोचते, हे विलिस यांनी उलगडले. १६७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

अनेकांत हे कडे अपूर्ण असते. म्हणूनच पक्षाघाताची चाहूल लागताच कुडव्याहून गोंदियाचे रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको.