मनाचे शास्त्र अंगणात नेणाऱ्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आज गोव्यातील प्रत्येक वाड्यावर परिचित आहे. सकाळी मुलाला तेथे पोहोचवणाऱ्या आईला तो शब्द कोठून आला, असा प्रश्न पडत नाही. शब्द रुळला की त्याचा जन्मदाता विस्मरणात जातो. ताराबाई मोडक यांच्या बाबतीत काहीसे असेच घडले. बालवाडी आणि अंगणवाडी या कल्पनांच्या प्रवर्तक आणि पद्मभूषण किताबाच्या मानकरी, एवढा त्यांचा परिचय पाठ्यपुस्तकांतून होतो. त्यांच्या कार्याची दुसरी एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. युरोपात नुकतेच आकाराला येत असलेले बालमनाचे शास्त्र त्यांनी येथील तरुण शिक्षकांना वाचायला शिकवले, आणि वाचलेले समोरच्या मुलावर पडताळून पाहायला, पटले नाही तर त्यावर वाद घालायलाही शिकवले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकरांच्या प्रार्थनासमाजी घरात झाला. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद समाजात धगधगत असताना या घरात तो मिटलेला होता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरात लहान मुलगी, पाठीशी पदवी आणि समोर घटस्फोटित स्त्रीकडे तिरकस नजरेने पाहणारा समाज, अशा अवस्थेत त्यांनी राजकोटचा रस्ता धरला. तेथे शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले.

मुंबईहून काठेवाडकडे जाणाऱ्या त्या काळच्या प्रवाशाला सुरतेवरूनच जावे लागे. घोलवड, संजाण, वापी, वलसाड, नवसारी अशी स्थानके मागे पडत, मग सिद्दी नवाबाच्या छोट्याशा संस्थानाचे सचिन येई आणि त्यानंतर सुरत. ताराबाईंच्या आयुष्याची महत्त्वाची वळणे याच लोहमार्गाच्या आधाराने आखली गेली. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला भावनगर, आणि उत्तरायुष्यात घोलवडजवळचे बोर्डी.

भावनगरची शाळा

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेची स्थापना नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये केली होती. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९१६ मध्ये तेथे काम स्वीकारले आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे, या चिंतेतून त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन आले होते. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. या दोघांनी मॉन्टेसरींचे शास्त्र आत्मसात केले ते मुख्यतः ग्रंथांतून आणि बालमंदिरातील रोजच्या अनुभवातून. रोम आणि भावनगर यांच्यामध्ये समुद्र होता, भाषा होती आणि राज्यकर्त्यांची इंग्रजीही होती. त्यामुळे वाचन हीच त्यांची प्रयोगशाळा झाली.

त्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मॉन्टेसरींनी पहिले बालगृह उघडले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. आजूबाजूची मुले गाऊ लागली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष विचलित झाले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तोच खेळ पुन्हा केला आणि मग समाधानाने थांबली. लहान मुलाचे चित्त चंचल असते, हा सर्वमान्य समज या एका निरीक्षणाने हादरला.

असा प्रसंग वाचून दोन गोष्टी करता येतात. त्यावर श्रद्धा ठेवता येते किंवा आपल्या अंगणातील मूल तसे करते का, हे पाहता येते. गिजुभाई आणि ताराबाईंनी दुसरा मार्ग निवडला आणि अध्यापन मंदिरात येणाऱ्यांनाही तोच शिकवला. मॉन्टेसरी पद्धतीत शिक्षकाचे पहिले काम शिकवण्याचे नसून निरीक्षणाचे असते. एका बाजूला शांत बसावे, मूल काय करते ते पाहावे आणि जे दिसले तेवढेच नोंदवावे. ऐकायला हे सोपे वाटते, पण नवख्याची लेखणी हमखास घसरते. मूल हट्टी आहे, असे लिहिले की ती नोंद राहत नाही, तो निवाडा होतो. मुलाने तीनदा हात झटकला, दाराकडे पाहिले आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा तोच ठोकळा उचलला, असे लिहिले की ती नोंद झाली. तिच्यावर चर्चा करता येते आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा पाहता येते. ज्यांनी स्वतःच्या शाळेत छडी आणि पाठांतर यांपलीकडे काही अनुभवले नव्हते, अशा तरुणांसाठी हा धडा मोठा होता.

येथे ग्रंथाशी मतभेद करण्याचीही मुभा होती. परीकथांविषयी मॉन्टेसरींना फारसे ममत्व नव्हते. लहान वयात वास्तवाशी परिचय व्हावा, यावर त्यांचा भर होता. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिरात मानाचे स्थान दिले. आजीच्या मांडीवर वाढलेले काठेवाडी मूल गोष्टीने कसे खुलते, हे ते रोज पाहत होते. गुरूचा ग्रंथ आदराने वाचायचा, पण डोळ्यांना दिसलेले नाकारायचे नाही, हा संस्कार ताराबाईंच्या पुढील कार्यात कायम राहिला.

मराठी वाचकापर्यंत

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र असलेली शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीत निघाली. १९३३ मध्ये तिची मराठी आवृत्ती सुरू झाली आणि संपादनाची धुरा ताराबाईंकडे आली. मूल खोटे का बोलते, अंगठा का चोखते, मारल्याने त्याच्या मनात काय घडते, असे प्रश्न आजवर घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर सोडलेले असत. आता शिक्षक आणि पालक त्यांच्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहू लागले. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार उभे राहिले आणि त्याच्या जोडीला मराठी शिक्षिकांसाठी अध्यापनाचे वर्गही चालू लागले.

१९३९ च्या जून महिन्यात गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी शिक्षकांसाठी वर्ग घेतला. नव्या बालशिक्षणाला देशात प्रतिष्ठा लाभू लागली. पण त्याचबरोबर एक विसंगतीही उघड झाली. ज्या पद्धतीचा उगम रोमच्या मजुरांच्या मुलांमध्ये झाला, ती भारतात येता येता सधन घरांची शोभा होऊ लागली होती. सुबक लाकडी साहित्य महाग होते आणि शिकलेली शिक्षिका शहर सोडायला तयार नव्हती. खेड्यातील मुलाला यातील काय मिळणार, हा प्रश्न गांधीजींच्या परिवारात विचारला जात होता. १९३७ च्या वर्धा योजनेत सात वर्षांच्या पुढील मुलांचा विचार झाला होता. त्याआधीच्या वयाचे काय, हे ठरायचे होते. ताराबाईंना हा प्रश्न टाळता आला नाही.

बोर्डीचा किनारा

१९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न होते. आचार्य भिसे यांचे शैक्षणिक कार्य तेथे आधीपासून चालू होते. अनुताई वाघ याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच विवाह आणि वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते. मुंबईतील अभ्यासिका आणि मोरगावची कन्या यांची ही जोडी पुढे जवळजवळ तीन दशके एकत्र राहिली.

परिसर वारली आदिवासींचा होता. वेठबिगारी आणि सावकारी यांनी पिचलेल्या वारल्यांनी त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या साथीने जमीनदारांविरुद्ध उठाव केला होता. अशा मुलखात बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले येईनात. यावर एक तयार उत्तर उपलब्ध होते: आदिवासी मुलांना शिक्षणाची ओढ नाही. ताराबाईंनी स्वतःच्याच शिकवणीप्रमाणे हा निवाडा बाजूला ठेवला आणि मुले दिवसभर काय करतात, ते पाहायला सुरुवात केली.

जे दिसले ते साधेच होते. पाडे विखुरलेले होते आणि लहान पावलांना अंतर लांब पडत होते. थोडी मोठी मुले गुरे घेऊन कुरणात जात. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते घरी ठेवून शाळेत येणे त्यांना शक्य नव्हते. अडचण मुलांच्या मनात नव्हती, शाळेच्या जागेत आणि वेळेत होती.

उत्तरेही मग त्या निरीक्षणातूनच निघाली. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागली. एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी म्हणायची, खेळ मांडायचे, हीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या, ती विकासवाडी. महागड्या साहित्याची जागा शंख, शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. लहानमोठे ओळखण्यासाठी इटलीहून आलेले दट्टेच हवेत असे नाही, हे किनाऱ्यावरच्या शिंपल्यांनी सिद्ध केले. मजुरांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत अशा रीतीने पुन्हा श्रमिकांच्या दारात आली.

वारल्यांची भूक आणि जमिनीचा प्रश्न शाळेने सुटणारा नव्हता. अंगणात गाणी म्हणणाऱ्या मुलाच्या घरी संध्याकाळी चूल पेटेलच, याची शाश्वती शिक्षिका देऊ शकत नव्हती. या मर्यादेसह काम चालू राहिले. १९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोगाने तो मॉन्टेसरींचा जन्मदिवस होता. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मधील आपल्या निधनापर्यंत चालवले.

शब्द गेला, योजना गेली. निरीक्षणाची सवय त्यांच्याबरोबर कितपत गेली, हा प्रश्न उरतो. ज्या लोहमार्गावरून ताराबाई काठेवाडकडे गेल्या, त्यावरचे सचिन आज औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कुटुंबे सुरतेच्या या परिसरात पोटासाठी राहतात. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी स्थिती तेथील कितीतरी मुलांची असते. आपल्याकडे वास्को किंवा झुआरीनगरच्या वस्त्यांतही चित्र फार वेगळे नाही. वर्गाच्या कोपऱ्यात गप्प बसलेले मूल मंद आहे, लाजाळू आहे, की त्याला समोरची भाषाच कळत नाही? एका शेऱ्याने त्याची पुढची वर्षे ठरू शकतात.

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेणारी मुले आज बुद्धिमत्ता, प्रेरणा, अवधान यांच्या व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून काढतात. त्या व्याख्यांमागे कोणीतरी कोणाकडे तरी काळजीपूर्वक पाहिले होते, हे त्यांना सांगितले जातेच असे नाही. एखादा प्रयोग वाचून तो कोणत्या मुलांवर झाला, कोठे झाला, आपल्या गावातील मुलांना तो लागू पडतो का, असे विचारण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शेजारच्या अंगणवाडीच्या ओसरीवर तासभर शांत बसून दिसेल तेवढेच वहीत लिहिले, तरी सुरुवात होते. बोर्डीच्या पाड्यांवर ताराबाईंनी हेच केले होते.