अल्बेरूनी : स्वतःच्या किताबांचा हिशेब ठेवणारा संशोधक

इतिहासाच्या तासाला अल्बेरूनी हे नाव येते आणि निघून जाते. महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात आले, इथल्या लोकांवर किताब लिहिली, एवढेच मुलांच्या लक्षात राहते. पण हा माणूस मुळात खगोलशास्त्रज्ञ. आयुष्यभर तो आकाश आणि जमीन मोजत राहिला.

अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्बेरूनी यांचा जन्म 973 साली ख्वारिज्ममधील काथ शहरी झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. सतरा वर्षांच्या आसपास असतानाच त्यांनी अंशांच्या खुणा केलेल्या एका कड्याने सूर्याची उंची मोजून आपल्या शहराचे अक्षांश काढले. पुढे 995 मध्ये गादीसाठी लढाई पेटली आणि त्यांना वतन सोडावे लागले. पण काम थांबले नाही. 997 साली त्यांनी काथमधून चंद्रग्रहण पाहिले. तेच ग्रहण बगदादमधून अबुल वफा यांनी पाहिले. असे आधीच ठरले होते. दोन्हीकडच्या वेळेतील फरकावरून या दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर निघाले. दोन शहरांतील दोन आलिमांचे हे जोडीचे संशोधनच म्हणायचे.

साधारण 1000 साली जुरजानच्या दरबारात त्यांनी वेगवेगळ्या कौमांच्या कालगणनेवर ‘आसारुल बाकिया’ लिहिली. 1017 मध्ये महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि त्यांना गझनीला नेले. मर्जीने गेले असे म्हणता येत नाही. दुसऱ्याच वर्षी काबूलजवळ एका खेड्यात त्यांच्या हाताशी एकही उपकरण नव्हते. मग काय केले? हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूवर अंशांचा कंस आखला आणि त्यावरच सूर्य मोजला. साधन नाही म्हणून अभ्यास सोडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पंजाबातील नंदना किल्ल्यावर त्यांनी पृथ्वीचीच त्रिज्या काढली. आधी डोंगराची उंची मोजली, मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन घेतला, आणि बाकीचे काम त्रिकोणमितीने केले. ही रीत त्यांनी ‘तहदीद’ या किताबात दिली आहे. गझनीचे नेमके स्थान आणि तिथून किब्ल्याची दिशा काढणे, हा त्या किताबाचा विषय.

हिंदुस्थान समजून घ्यायला ते संस्कृत शिकले. ‘किताबुल हिंद’ साधारण 1030 ची. पृथ्वी फिरते असे मानले तरी ग्रहांचे गणित बिघडत नाही, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. मात्र ते स्वतः पृथ्वी स्थिरच मानत होते. त्याच सुमारास खगोलशास्त्रावरचा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ ‘कानूने मसऊदी’ लिहून झाला.

साधारण 1036 साली, हिजरी हिशेबाने पासष्टी गाठल्यावर, त्यांनी एक वेगळेच काम केले. राझी यांच्या किताबांची यादी एकाने मागितली होती. ती करताना त्यांनी आपल्याही किताबांची यादी जोडली. विषयवार, आणि बऱ्याच ठिकाणी पाने किती तेही लिहून. पुऱ्या झालेल्या 103. अपुऱ्या राहिलेल्या वेगळ्या दाखवल्या. दोस्तांनी त्यांच्या नावाने लिहून दिलेल्या 25 किताबाही वेगळ्या मांडल्या, आपल्यात मिसळल्या नाहीत. इल्मातली अमानतदारी म्हणतात ती हीच.

त्यानंतरही लिहिणे चालू होते. म्हातारपणी डोळे-कान साथ देईनासे झाले, तरी औषधांवरची ‘सैदना’ हाती होती. 1048 च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. आज त्यांच्या नावावर सुमारे 146 किताबा मोजल्या जातात. शिल्लक आहेत जेमतेम बावीस. बाकीच्यांची फक्त नावे उरली, आणि तीही बरीचशी त्या यादीमुळेच. ‘कानूने मसऊदी’ मात्र वाचली. आपल्या शेजारच्या हैदराबादेत दायरतुल मआरिफने 1954 ते 1956 मध्ये ती तीन भागांत छापली.

आपण अल्बेरूनींचे नाव अभिमानाने घेतो. पण नाव घेणे सोपे आहे. मोजणे, लिहून ठेवणे, दुसऱ्याचे काम दुसऱ्याच्याच नावावर ठेवणे, हे अवघड. घरातले मूल विज्ञानाची वही लिहीत असेल तर त्याला ही यादीची गोष्ट जरूर सांगा. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले गणित आपले नसते, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.