गायनाचार्य भास्करबुवा बखले

राजुऱ्याकडील आमच्या पुष्कळ वाचकांनी दंडार पाहिली असेल. पूर्वी सुगी आटोपली म्हणजे एखादा कोवळ्या गळ्याचा मुलगा स्त्रीवेष घेऊन उभा राही आणि सारा गाव त्याच्या गाण्याने मोहून जाई. त्याचा आवाज फुटल्यावर पुढे त्याचे काय झाले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नसे. ज्या थोर गवयाचे चरित्र आम्ही येथे देत आहो, त्यांच्यावर बाळपणी हाच प्रसंग गुदरला होता.

भास्करबुवांचा जन्म 17 ऑक्टोबर 1869 रोजी बडोदे संस्थानातील कठोर या खेड्यात झाला. घरची स्थिती गरिबीची होती. गोड गळ्यामुळे लहान वयातच त्यांचा किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘रामराज्यवियोग’ नाटकात ते कैकेयीची भूमिका करू लागले. इंदूर मुक्कामी बंदेअली खां या नामांकित बीनकारांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांस काही तालीमही दिली. इतके भाग्य उदयास आले, तोच वयोमानाने आवाज फुटला. नाटकमंडळीस गळा हवा होता. गळा गेल्यावर मुलाचा मानही गेला. शेवटी त्यांनी मंडळी सोडिली.

येथून त्यांची खरी विद्या सुरू झाली. बडोद्यास फैजमहंमद खां, मग आग्रा घराण्याचे नत्थन खां, आणि पुढे अल्लादिया खां, अशा तीन मोठ्या गुरूंपाशी ते शिकले. ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान उस्तादांची सेवा करून विद्या मिळवावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. शिवाय उस्ताद लोक आपली विद्या धनासारखी जपून ठेवीत. एक चीज पदरी पडावयास शिष्याला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. भास्करबुवांनी हे सर्व सोसले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी काही वर्षे गायन शिकविले, आणि मैफलीतील गवई म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

मग ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. ज्या किर्लोस्कर मंडळीतून मानहानी सोसून ते बाहेर पडले होते, तिच्यातच आता ते तरुण नटांचे गुरू झाले. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा गळा त्यांच्याच तालमीत तयार झाला. ‘विद्याहरण’ (1913), ‘स्वयंवर’ (1916) आणि ‘द्रौपदी’ (1920) या नाटकांतील पदांस चाली देऊन त्यांनी घराण्यांतील कोंडलेले राग सामान्य माणसाच्या कानी घातले. शेतकऱ्याच्या ओठीही त्या चाली रुळल्या. आमच्या मते मोठमोठ्या मैफली जिंकण्याहून हे काम अधिक मोलाचे होते.

तथापि नाटकमंडळी फिरती असे, आणि तिच्यात थोड्यांचीच सोय लागे. गाणे हा कुलीन घरांत तेव्हा अप्रतिष्ठेचा विषय गणला जाई. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून नवी वाट पाडली होती. भास्करबुवांनी 1911 साली पुण्यास भारत गायन समाज स्थापून गृहस्थांच्या मुलांना रीतसर गायन शिकण्याची सोय केली. त्याच सुमारास आळंदीस जन्मलेला कृष्णराव फुलंब्रीकर नावाचा मुलगा त्यांच्यापाशी आला. तोही बालनट, ‘संत सखू’ नाटकातील भूमिकेने गाजलेला. टाळ्यांच्या नादात वाढलेल्या अशा मुलाचा गळा पुढे कसा राखावा, हे स्वतः पोळलेल्या बुवांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? त्यांनी त्यास शिष्य करून घेतले आणि विद्या देताना हात आखडला नाही.

8 एप्रिल 1922 रोजी भास्करबुवा वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे 52 वर्षांचे होते आणि कृष्णराव 24 वर्षांचे. गुरुजींच्या मागे मास्तर कृष्णरावांनी समाजाचा भार वाहिला, शिष्यांकरिता ‘रागसंग्रहमाला’ ही पुस्तके सात भागांत लिहिली आणि 1974 साली देह ठेविला. समाजाच्या शाळेस भास्कर संगीत विद्यालय असे नाव आहे.