लॉर्ड रॅले आणि ध्वनीची दिशा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्गाच्या मागील दाराने आम्ही आत शिरलो व एका विद्यार्थ्यास हाक मारली. तो चटकन उभा राहिला. परंतु आमच्याकडे वळण्याऐवजी उजव्या हाताच्या खिडकीकडे पाहू लागला. सारा वर्ग हसला. मुलगा थट्टा करीत आहे अशा समजुतीने आम्ही त्यास रागे भरलो. त्याचा डावा कान लहानपणच्या दुखण्याने निकामी झाला होता, हे त्याच्या वडिलांकडून आम्हास कळले ते पुष्कळ दिवसांनी. आमची हाक त्यास चांगली ऐकू आली होती. ती कोठून आली एवढेच समजले नव्हते.

ऐकू येणे निराळे आणि ऐकलेल्या आवाजाची दिशा कळणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचे मर्म ज्या थोर शास्त्रज्ञाने उलगडून दाखविले, त्या लॉर्ड रॅले यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रॅले यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात एका सरदार घराण्यात झाला. घरी संपत्ती विपुल, परंतु मुलाची प्रकृती अतिशय नाजूक. ईटन व हॅरो या दोन्ही नामांकित शाळांत ते गेले, पण प्रकृतीमुळे कोठेच फार दिवस टिकले नाहीत. त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण खाजगी शिक्षकांच्या हाताखाली झाले. १८६१ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८६५ साली गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर ठरले. हाच मान पुढे १८९९ साली आपल्या रँग्लर परांजपे यांनी मिळविला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

१८७१ साली रॅले यांचा विवाह झाला, आणि त्यानंतर लवकरच त्यांस संधिवाताच्या तापाने गाठले. दुखणे जिवावर बेतले होते. हवापालटासाठी ते पत्नीसह इजिप्त देशी गेले व नाईल नदीवर नावेत राहिले. तेथेच, आजारातून उठत असताना, त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे दोन भाग १८७७ व १८७८ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान १८७३ साली वडील निवर्तले आणि सरदारकी त्यांजकडे आली. परंतु त्यांचे मन जमीनजुमल्यात रमेना. तो कारभार धाकट्या भावाकडे सोपवून त्यांनी टर्लिंग येथील आपल्या वाड्यातच प्रयोगशाळा थाटली.

आवाजाची दिशा मनुष्यास कशी कळते, हा प्रश्न त्यांनी याच काळात हाती घेतला. प्रयोग किती साधा! मोकळ्या हिरवळीवर ते डोळे मिटून उभे राहात. मदतनीस भोवती निरनिराळ्या जागी उभे राहून आवाज करीत. आणि आवाज कोणीकडून आला हे रॅले सांगत. आमची मुले आंधळी कोशिंबीर खेळतात, त्याहून यात अधिक साहित्य ते काय? मनुष्याचा शब्द कानी पडताच त्यांस दिशा बहुधा अचूक सांगता येई. परंतु नादकाट्याचा शुद्ध एकसुरी नाद असला, तर तो डावीकडे की उजवीकडे एवढेच कळे. समोर की पाठीमागे, यात मात्र चूक होई.

डावे-उजवे कळण्याचे कारण त्या वेळी असे समजत की, मस्तकाची आड येऊन पलीकडच्या कानास आवाज कमी पोहोचतो, आणि या कमीअधिकपणावरून दिशेचे ज्ञान होते. उंच स्वरांस हे लागू पडते. खालच्या स्वरांचे काय? सेकंदास १२८ कंपने असलेल्या स्वराची एक लाट सुमारे पावणेतीन मीटर लांब असते, आणि आपले मस्तक तर कानापासून कानापर्यंत जेमतेम वीतभर. नदीतील मोठी लाट बारीकशा खुंटाला वळसा घालून जशी पुढे जाते, तशी ही ध्वनीची लाट मस्तकाला वळसा घालते व दोन्ही कानांस जवळजवळ सारखीच पोहोचते. तरीही खालच्या स्वराची बाजू मनुष्य बरोबर ओळखतो. ही अडचण रॅले यांनी न लपविता मांडली. समाधानकारक उत्तर हाती नव्हते, म्हणून प्रश्न तसाच उघडा ठेविला.

त्यानंतर तीस वर्षे लोटली. १८७९ ते १८८४ या काळात ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्राध्यापक होते. पुढे हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने तयार केलेल्या नायट्रोजनापेक्षा सुमारे दोनशेंत एक भाग जड भरतो, असे त्यांस आढळले. एवढ्याशा फरकाकडे दुसऱ्या कोणी काणाडोळा केला असता. रॅले यांनी तो सोडला नाही, आणि रॅम्से यांच्या सहकार्याने आर्गॉन नावाचा नवा वायू उजेडात आला. त्याबद्दल १९०४ साली त्यांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठास देऊन टाकली. १८९६ पासून दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे ते सल्लागारही होते. दाट धुक्यात किनाऱ्यावरील भोंग्याचा आवाज कोणत्या बाजूने येतो, यावर खलाशांचे प्राण अवलंबून असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९०७ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी जुन्या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. किंचित बेसूर असे दोन नादकाटे घेऊन एकाचा आवाज नळीने एका कानात व दुसऱ्याचा दुसऱ्या कानात सोडला. दोन्ही आवाज सारखेच मोठे. परंतु एकाची लाट कधी दुसरीच्या किंचित पुढे, तर कधी किंचित मागे पडे. त्याबरोबर ऐकणारास नाद एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सरकल्यासारखा वाटे. ज्या कानास लाट आधी पोहोचे, त्या बाजूस आवाज भासे! म्हणजे खालच्या स्वरांची दिशा आपणास वेळेच्या फरकावरून कळते, आणि उंच स्वरांची आवाजाच्या कमीअधिकपणावरून.

हा वेळेचा फरक फार झाला तर सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग असतो. इतकी सूक्ष्म गोष्ट कानापासून मेंदूपर्यंत जशीच्या तशी जात असेल, हे स्वतः रॅले यांस पूर्वी पटत नव्हते. प्रयोगाने विरुद्ध साक्ष दिली, तेव्हा त्यांनी आपले जुने मत मोकळ्या मनाने सोडून दिले. पुढील संशोधनाने तर असे दिसून आले की, सेकंदाच्या एक लक्षांश भागाएवढा फरकही सराईत कानास जाणवतो. समोरचे व पाठीमागचे कळण्यास कानाच्या पाळीच्या वळ्या आणि मान वळविण्याची आपली सवय ही साहाय्य करतात, हेही आता सिद्ध झाले आहे.

आता त्या मुलाची अडचण वाचकांस उमजली असेल. तुलना करावयास दोन कान हवेत. एकच कान चालत असेल, तर बहुतेक आवाज त्याच बाजूने आल्यासारखे वाटतात. काहीजण पाळीच्या व मान वळविण्याच्या आधारे सरावाने थोडेफार सावरतात. पण गोंगाटात किंवा रहदारीच्या रस्त्यावर त्यांस फार जपावे लागते. म्हातारपणी उंच स्वर ऐकू येईनासे झाले, म्हणजे आवाज पुढून की मागून, याविषयी आजीआजोबांचीही फसगत होते. त्यांस हसू नये. समोर जाऊन बोलावे.

रॅले ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे निवर्तले. परमेश्वराची कृत्ये थोर असून ज्यांस ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात, अशा आशयाचे स्तोत्रसंहितेतील एक वचन त्यांनी आपल्या संकलित निबंधांच्या आरंभी घातले होते. स्वतःचे मत प्रयोगापुढे खोटे ठरले असता ते सोडून देणे, हा त्या शोधाचाच भाग होय, असे त्यांच्या चरित्रावरून आम्हास वाटते.

आम्हीही आमचे मत सोडले. त्या मुलाची आम्ही वर्गासमक्ष क्षमा मागितली व त्यास डाव्या कडेच्या पहिल्या बाकावर बसविले, म्हणजे त्याचा चांगला कान वर्गाकडे राहील. पालकांस विनंती एवढीच की, हाक मारली असता मूल वारंवार भलतीकडे पाहू लागले, तर त्यास रागे भरण्यापूर्वी त्याचे कान वैद्याकडून तपासून घ्यावेत.