कॅमेरा सर्वांच्या हाती देणारा कारकून

छायाचित्र काढणे हे एकेकाळी निम्मे रसायनशास्त्रज्ञाचे आणि निम्मे हमालाचे काम होते. काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. त्यासाठी छायाचित्रकार काळोखा तंबूही सोबत वाहून नेत असे. अमेरिकेतील रोचेस्टर शहरातील एका बँकेचा कारकून जॉर्ज ईस्टमन याने १८७७ मध्ये प्रवासासाठी हा सारा सरंजाम विकत घेतला. प्रवास घडलाच नाही; मात्र हा खटाटोप सोपा कसा करता येईल, या विचाराने त्याला पछाडले.

१८५४ मध्ये जन्मलेल्या ईस्टमनचे वडील तो सात वर्षांचा असतानाच वारले. आई घरात भाडेकरू ठेवून संसार चालवी. शाळा सोडून किशोरवयातच तो नोकरीला लागला. दिवसा बँकेत हिशेब आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिनचे प्रयोग, असा त्याचा क्रम होता. त्यातून कोरड्या काचपट्ट्या तयार करण्याचे यंत्र साकारले आणि १८८१ मध्ये कंपनी उभी राहिली.

पुढच्याच वर्षी सारे बुडण्याची वेळ आली. काचपट्ट्या प्रकाशाला दाद देईनात. ईस्टमनने सदोष माल परत घेतला, कारखाना बंद ठेवला आणि शेकडो प्रयोग केले, उत्तर मिळेना. अखेर इंग्लंड गाठल्यावर दोष जिलेटिनचा असल्याचे उघड झाले. त्याचे खरे कारण मात्र १९२० च्या दशकात त्याच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांना सापडले. जिलेटिनमधील गंधकाच्या सूक्ष्म अंशामुळे चांदीच्या क्षाराची संवेदनक्षमता वाढते आणि तो अंश गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतो! एका उद्योगाचे भवितव्य गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून होते, असेच म्हणावे लागेल.

काचेची जागा गुंडाळता येणाऱ्या फिल्मने घ्यावी, हा त्याचा पुढचा ध्यास. १८८८ मध्ये २५ डॉलरचा 'कोडॅक' बाजारात आला. त्यात शंभर छायाचित्रांचा रोल भरलेला असे. तो संपला की कॅमेराच रोचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये छायाचित्रे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत मिळे. 'कोडॅक' या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. ईस्टमनला 'के' हे अक्षर आवडे, एवढेच. १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरचा 'ब्राउनी' आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती पोहोचला.

१८८९ मध्ये आलेल्या पारदर्शक फिल्मने चलच्चित्राचीही वाट मोकळी केली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये चित्रपटनिर्मितीसाठी लंडनमध्ये जुळवाजुळव केली, तेव्हा कच्ची फिल्म कोडॅकचीच मागवली होती.

या यशाला एक गालबोटही आहे. हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने पारदर्शक फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. ते मिळाले १८९८ मध्ये, आणि दोनच वर्षांत गुडविन निवर्तले. त्या पेटंटच्या नव्या मालकांनी लढवलेला खटला ईस्टमनची कंपनी हरली आणि १९१४ मध्ये ५० लाख डॉलर मोजून तिला तडजोड करावी लागली. ईस्टमनच्या गौरवगाथांत हे प्रकरण बहुधा दोन ओळींत उरकले जाते.

अविवाहित ईस्टमनने सुमारे दहा कोटी डॉलर दान केले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला त्याने 'मिस्टर स्मिथ' या नावाने गुप्तपणे देणगी दिली होती. मणक्याच्या असाध्य आजाराने जर्जर होऊन १४ मार्च १९३२ रोजी त्याने आपले जीवन संपवले.

फिल्मवर प्रकाश पडला की चांदीच्या क्षारात बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर चित्र उमटते. डिजिटल कॅमेऱ्यात त्याच प्रकाशातून विद्युतभार निर्माण होतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर केले जाते. चांदी नाही, जिलेटिन नाही, धुणेही नाही. असा कॅमेरा १९७५ मध्ये घडवला तो स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. सॅसन रोचेस्टरलाच, ईस्टमनच्याच कंपनीत नोकरीला होता. फिल्मच्या विक्रीवर पोसलेल्या त्या कंपनीने या शोधाला पुरेसा वाव दिला नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली.