वहीतलं नाव

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं (आमचं गाव वसमत तालुक्यात, हळदीच्या पट्ट्यात) माळवदाच्या खोलीतली जुनी पेटी उघडली. आत आजोबांच्या सालगड्यांच्या वह्या निघाल्या. एका पानावर नुसतं नाव, तेही अर्धं. खाली पाडव्याला दिलेली उचल, ज्वारी, चपलेचा जोड आणि आजारपणाचे खाडे. आडनाव नाही, गाव नाही. सालगडी म्हणजे गुलाम नव्हे, हे मलाही कळतं. तरी ते पान बघून मला मलिक अंबर आठवला. फर्स्ट इयरच्या सहलीत खुलताबादला त्याची कबर पाहिली होती, तेव्हापासून मी त्याच्याबद्दल वाचत होतो.

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. लाल समुद्राकाठच्या मोखा बंदरात ८० गिल्डरला त्याचा सौदा झाला, अशी डच नोंद आहे. म्हणजे बघा, ज्या माणसाने पुढं मोगलांना सळो की पळो केलं, त्याच्या बालपणातला हाती लागणारा आकडा कुठला, तर किंमत! आई कोण, घरी कोण वाट पाहत होतं, हे कुणी लिहिलं नाही. लिहिणारे सगळे घेणारे-विकणारे होते ना.

बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. नावसुद्धा मालकाचंच! मग तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी म्हणे हजारभर गुलाम. १५७४-७५ च्या सुमारास तो वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही जिवंत ठेवली. गनिमी कावा, जमीन महसुलाची घडी, १६२४ ची भातवडीची लढाई... जहांगीरच्या तो हाती लागलाच नाही. शेवटी बादशहाने अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं!

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. सिव्हिलवाल्यांनो, त्याची नहर जरूर बघा. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ना पंप, ना वीज. पण ती खोदणाऱ्यांची नावं मला कुठं सापडली नाहीत. अंबरच्या फौजेतही हजारो हबशी होते, त्यातले कित्येक त्याच्यासारखेच विकत आलेले. हे मला अजून पचलेलं नाही. १६२६ मध्ये तो वारला.

आता ज्यांची कबर नाही त्यांचं काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात कुणबिणी आणि बटकींच्या नोंदी आहेत. कितीला घेतली, कुठल्या कोठीत लावली, धान्य-लुगडं किती दिलं. हे सगळं मालकाने स्वतःच्या हिशेबासाठी लिहिलेलं. पण लुगडी मोजली की बाया किती होत्या ते समजतं, धान्यावरून पोटाला किती मिळायचं ते. वेस्ट इंडिजच्या ऊसमळ्यांच्या याद्यांत तर माणसं गुराढोरांबरोबर किमतीसकट लिहिलेली असत. आज त्याच याद्यांवरून इतिहासकार तिथल्या कुटुंबांचा माग काढतात. कागद खोटा नसतो, अर्धा असतो, एवढं माझं मत.

ते वहीतलं पान मी आजीला वाचून दाखवलं. तिला त्या माणसाच्या बायकोचं नाव चटकन आठवलं. गाव औंढ्याकडचं कुठलं तरी. खाडे पडले तेव्हा त्याला साप चावला होता, हेही तिनंच सांगितलं. पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलंय. आणखी सहा नावं आहेत, उन्हाळ्यात विचारणार आहे.