जर्डनसाहेब आणि माझी चित्रवही

उन्हाळी सुटीत मी बेंगळुरूला, बनशंकरीत आजोबांच्या घरी गेलो, तेव्हा सर्वांत आधी माळ्यावरचा बुटांचा खोका काढला. त्यात मी दोन वर्षे जमवलेली पक्ष्यांची पिसे होती. ती समोर ठेवून पक्षी काढायला शिकायचे, असे मी ठरवले होते. झाकण उघडले, तर आत नुसता भुसा आणि काड्या! साऱ्या पिसांना कसर लागली होती. मी अगदी रडकुंडीला आलो.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी खोका झटकून रिकामा केला, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि एका फौजी डॉक्टरची हकीकत सांगितली. शाळेत परतल्यावर मी त्याच्याविषयी आणखी वाचले. तीच हकीकत येथे देत आहे.

थॉमस कॅव्हरहिल जर्डन यांचा जन्म १८११ साली इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात झाला. एडिंबरा विद्यापीठात शिकताना त्यांना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी होती. १८३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून ते मद्रासला उतरले. ताप आणि आमांशाने आजारी पडलेल्या शिपायांवर उपचार करणे हे त्यांचे पहिले काम होते. त्यातून सवड मिळाली की ते पूर्व घाटातील पक्षी पाहत. १८३७ मध्ये त्यांची बदली एका रिसाल्यात झाली आणि रिसाल्याबरोबर ते आपल्या महाराष्ट्रात, जालन्याच्या छावणीत आले.

जालन्याच्या माळरानावर त्यांनी सुमारे चार वर्षे काढली. गोळा केलेले पक्षी नीट सुकवून, पेटीत भरून त्यांनी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन या पक्षितज्ज्ञाकडे पाठवले. पेटी समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत पक्ष्यांना कसर लागली! एवढ्या श्रमांची माती झाली. हे ऐकताना मला माझा खोका आठवला आणि थोडी लाजही वाटली. माझी तर नुसती पिसे गेली होती.

जर्डन मात्र बसून राहिले नाहीत. दुसऱ्यावर विसंबायचे नाही, आपल्याच डोळ्यांवर भरवसा ठेवायचा, या निश्चयाने त्यांनी स्वतः पक्ष्यांची यादी तयार केली. १८३९-४० मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात ती छापून आली. तीत ४२० जातींचे पक्षी होते. त्यांच्याआधी कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली होती. तिच्या जवळजवळ दुप्पट ही संख्या होती.

पुढे १८४३ ते १८४७ या काळात त्यांनी भारतीय पक्ष्यांच्या ५० रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यांतली बरीच चित्रे आपल्याच देशातील चित्रकारांनी काढलेली होती. सुकवलेल्या पक्ष्याच्या चोचीचा आणि पायांचा रंग उडतो, डोळे तर राहतच नाहीत. ते टिकतात कागदावर, आणि तेही रंगवणाऱ्याने नीट पाहिले असेल तरच. ग्रंथावर नाव जर्डन यांचे आहे. पण त्या चित्रकारांची आठवण आपण ठेवलीच पाहिजे, असे आजोबा म्हणाले. नेल्लोरला बदली झाल्यावर जर्डन तेथील यानादी लोकांकडून रानाची माहिती घेत. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

१८६२ ते १८६४ मध्ये त्यांचा भारतातील पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात १००८ जातींची वर्णने आहेत. दूरच्या छावणीतील एखाद्या अधिकाऱ्यालाही आता पक्षी ओळखण्यासाठी पेटी विलायतेला पाठवण्याची गरज उरली नाही. १८७२ मध्ये जर्डन लंडनमध्ये वारले.

त्यांच्या नावाचा एक पक्षी आहे, जर्डनचा धाविक. त्याच्या छातीवर दोन पट्टे असतात आणि तो रात्री हिंडतो. १९०० नंतर तो कोणाला दिसलाच नाही. जगातून नाहीसा झाला, असेच सर्वांना वाटले होते. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने आंध्रातील कडप्पा भागात तो पुन्हा शोधून काढला.

हे ऐकल्यावर आजोबा आणि मी रोज पहाटे तुरहळ्ळीच्या टेकडीवर जाऊ लागलो. त्यांचे नियम कडक होते. पहिली दहा मिनिटे नुसते पाहायचे. खोडरबर घरी ठेवायचे. आधी अंड्यासारखे अंग, मग डोक्याचा गोल, मग चोचीची रेघ. पाय असे काढायचे की अंगाचा भार त्यांच्यावर तोलला जाईल. खाली तारीख, वेळ आणि जागा लिहायचीच. माझे पहिले कितीतरी पक्षी पुढे कोसळल्यासारखे दिसत होते.

एकदा खडकावर एक मातकट चंडोल बसला होता. मी त्याचे पंख सरळ तपकिरी रंगवले आणि चित्र पूर्ण झाले असे समजलो. आजोबा म्हणाले, थांब जरा. थोड्या वेळाने तो हवेत उंच उडाला आणि पंख पसरून तरंगत खाली उतरला. तेव्हा त्याच्या पंखात विटकरी रंग झळकला. बसलेला असताना तो मला जाणवलाच नव्हता. मी पान उलटले आणि पुन्हा सुरुवात केली. घरी आल्यावर पुस्तकात पाहिले, तर त्या चंडोलाच्या नावातही जर्डन होते!

सुटी संपली तेव्हा माझ्या चित्रवहीची ३१ पाने भरली होती. त्यांतली फार तर चार चांगली आहेत. तो बुटांचा खोका मी वसतिगृहात आणला आहे. आता त्यात रंग आणि कुंचले असतात. मित्रांनो, रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला कोणी वही घेऊन गप्प बसलेला दिसला, तर खुशाल शेजारी येऊन बसा. फक्त पहिली दहा मिनिटे बोलू नका.